गुरांच्या जुन्या कोठ्यात शिलाईचे वर्कशॉप

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे. नागपुरात महालाच्या बाजूच्या जुन्या वस्तीत आपले घर आहे. घरामागे साधारण 12 बाय 24 फुटांचा गुरांचा कोठा आहे, त्याच्या भिंती दीड फूट जाडीच्या मातीच्या आहेत, वर सागाच्या वाशांवर कवेलू (कौले) आहेत आणि तो बरीच वर्षे रिकामा पडून आहे. तेथे चार औद्योगिक शिलाई मशीन आणि एक ओव्हरलॉक (कापडाच्या कडा बांधणारी मशीन) मांडून शाळेच्या गणवेशांचे काम सुरू करावे, असा आपला विचार आहे. कवेलू काढून टिन टाकावे, भिंतींना सिमेंटचे प्लास्टर करून चार फुटांपर्यंत टाइल्स लावाव्यात आणि खाली गुळगुळीत फरशी बसवावी, असे गवंड्याने सुचवले आहे. टिन बरे की स्लॅब, फरशी कोणती घ्यावी, मशीन आत्ताच घ्याव्यात का आणि शाळा उघडण्याआधी हे काम आटोपेल का, हे आपले चार प्रश्न.

मी नागपूर आणि आसपासच्या गावांत शिलाई मशीन बसवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम पुष्कळ वर्षे करत आलो आहे, आणि जुन्या पडव्या, गॅरेज, धान्याच्या खोल्या यांत मांडलेल्या मशीन नंतर कशा चालतात, हे दुरुस्तीच्या निमित्ताने मला आतून पाहायला मिळते. त्या अनुभवावरून सांगतो की आपले चारही प्रश्न छपराचे आणि फरशीचे दिसत असले, तरी मुख्य अडचण भिंतीत आणि जमिनीत मुरलेल्या खाराची आहे. गवंड्याची योजना साध्या खोलीसाठी ठीक ठरली असती. गुरांच्या कोठ्यासाठी मात्र ती बरोबर उलटी आहे.

कोठ्यात वर्षानुवर्षे गुरांचे मूत्र जमिनीत आणि भिंतीच्या पायथ्याशी जिरते. त्यातल्या नत्रयुक्त पदार्थांचे मातीतले जिवाणू नायट्रेट क्षारांत रूपांतर करतात. एके काळी बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा गोठ्यांच्या आणि तबेल्यांच्या मातीतून मिळवत असत, तो याच कारणामुळे. हे क्षार हवेतली आर्द्रता ओढून घेतात. म्हणून एप्रिलमध्ये कोरडी ठणठणीत दिसणारी भिंत जुलैमध्ये, पावसाचा एक थेंबही तिच्यावर न पडता, हाताला ओलसर लागते. ओल सुकते तेव्हा क्षारांचे स्फटिक बनतात, ते फुगतात आणि पोपडे पाडतात. अशा भिंतीवर सिमेंटचे प्लास्टर केले, तर ओलीला बाहेर पडायला जागा राहत नाही. टाइल्स लावल्या तर ती टाइल्सच्या मागून वर चढते आणि चार फुटांवर, टाइल्स संपतात नेमक्या तेथे, फुटते. प्लास्टर दोन-तीन पावसाळ्यांत फुगते. मातीची भिंत आतून मऊ होत गेलेली तर वरून दिसतही नाही.

मशीनच्या दृष्टीने हा खार गंजाहून वाईट आहे, कारण तो गंज घडवून आणतो आणि त्याची सुरुवात दिसत नाही. टाक्याची मशीन म्हणजे शेवटी सुईने आणि खालच्या शटलच्या, म्हणजे धाग्याचा फास पकडणाऱ्या भागाच्या, चोचीने काही शतांश मिलिमीटरच्या अंतराने एकमेकांना चुकवत जाणे. शटलच्या चोचीवर किंवा सुईपट्टीच्या छिद्राच्या कडेवर गंजाचा बारीक खड्डा पडला की धागा तेथे घासतो आणि तुटतो. मग चालवणारी बाई धाग्याचे टेन्शन (ताण) बदलून पाहते, सुई बदलते, धाग्याची कंपनी बदलते. दोष मात्र भिंतीत असतो. चार मशीन असलेल्या खोलीत नेमक्या भिंतीलगतच्या दोनच वारंवार धागा तोडत असतील, तर मी मशीन उघडण्याआधी भिंतीला हात लावून पाहतो.

आपली भिंत किती बिघडली आहे, हे मला येथून सांगता येणार नाही, पण ते आपल्याला घरच्या घरी तपासता येईल. जाड पारदर्शक प्लास्टिकचे हातभर तुकडे घेऊन भिंतीवर जमिनीपासून अर्ध्या फुटावर, तीन फुटांवर आणि पाच फुटांवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवा, आणखी एक तुकडा जमिनीवर चिकटवा, आणि पूर्ण दिवस-रात्र तसेच राहू द्या. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले, तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला जमले, तर ती हवेतली आहे. ही तपासणी उन्हाळ्यात आशादायक येईल आणि पावसाळ्यात निराशाजनक, म्हणून जमल्यास दोन्ही वेळा करा. पाच फुटांवरचा तुकडा पावसाळ्यातही आतून कोरडा राहिला, तर वरची भिंत शाबूत आहे असे धरून चालायला हरकत नाही.

पांढरा खार जेथपर्यंत दिसतो, त्याच्या वर किमान दीड-दोन फुटांपर्यंतचे सगळे जुने प्लास्टर उतरवा. सांधे हलक्या हाताने कोरा. भिंत मातीची असल्यामुळे छिन्नी-हातोड्याने ठोकू नका. खार कोरड्या कुंच्याने झाडा आणि झाडलेली पूड पोत्यात भरून आवाराबाहेर न्या, कारण भिंतीच्या बुडाशी राहिली तर पहिल्या पावसात ती पुन्हा भिंतीत शिरते. भिंत पाण्याने धुऊ नका. धुण्याने खार विरघळतो आणि आत आणखी खोल जातो. मग भिंत उघडीच ठेवून उन्हाळाभर सुकू द्या, अधूनमधून पुन्हा झाडत राहा. नागपूरचा उन्हाळा इतर सगळ्या कामांत आडवा येतो, पण या एका कामात त्याच्यासारखा मजूर नाही. नंतरचे प्लास्टर चुन्याचे करा, एक भाग चुन्याला तीन भाग रेती या प्रमाणात, आणि वरून चुन्याचीच सफेदी द्या. ऑइल पेंट, प्लास्टिक इमल्शन आणि वॉटरप्रूफ म्हणून विकले जाणारे लेप भिंतीच्या खालच्या भागात लावू नका. चुन्याचे प्लास्टर भिंतीतला उरलासुरला खार स्वतःत घेते आणि काही वर्षांनी खालचा पट्टा झडू लागतो. तो पट्टा काढून पुन्हा करायचा, हे आधीच मनाशी धरून ठेवा. ते प्लास्टर त्यासाठीच असते. गवंडी याला दुप्पट काम म्हणेल, आणि त्याच्या बाजूने ते खरेही आहे.

जमिनीचेही तसेच आहे. शेणामुताने भिजलेली वरची माती फूट-दीड फूट खोल काढून टाका. मात्र अशा कोठ्यांचा पाया उथळ असतो, त्यामुळे भिंतीपासून किमान एक फूट अंतर ठेवून खोदा आणि खड्ड्याची कड भिंतीच्या बाजूला उतरती ठेवा. भिंतीच्या बुडाला खोदाल तर भिंतच खाली येईल. नागपुरात बहुतेक ठिकाणी खाली काळी माती लागते. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून तिच्यावर थेट केलेली फरशी दोन-तीन वर्षांत वरखाली होते. काढलेल्या मातीच्या जागी मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी, प्रत्येक थर पाणी मारून आणि ठोकून भरा, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद सांध्यांवर एकमेकांवर चढवून पसरा आणि मग चार इंच काँक्रीट टाका. कोठ्याच्या बाहेरून चोहोबाजूंनी तीन फूट रुंदीचा, बाहेरच्या बाजूला उतार असलेला फरसबंद पट्टा घ्या, म्हणजे छपराचे पाणी भिंतीच्या मुळाशी मुरणार नाही आणि पायाखालच्या काळ्या मातीचा ओलावा वर्षभर फारसा बदलणार नाही. पैसे कमी पडू लागले तर आतल्या फरशीत काटकसर करा, बाहेरच्या या पट्ट्यात करू नका.

फरशीबद्दल माझे मत कोटा किंवा शहाबादी, फार पॉलिश न केलेली. मशीनचे पांढरे तेल सांडते, ते गुळगुळीत टाइलवर दिसत नाही आणि पाय घसरतो. नक्षीदार किंवा ठिपक्यांच्या फरशीवर पडलेली सुई सापडत नाही, आणि गणवेशाच्या कामात हरवलेली अर्धी सुई फार महागात पडते. फरशी समपातळीत असणे मात्र दिसण्यापेक्षा चालण्यासाठी अधिक आवश्यक आहे. औद्योगिक मशीनच्या खाली तेलाची टाकी असते, पंप तेल वर चढवतो आणि वापरलेले तेल परत टाकीत यावे लागते. मशीन एका बाजूला कलती असेल तर तेल एका कोपऱ्यात साचते, खुणेवरची पातळी फसवी दिसते आणि कापडावर डाग येतात. स्टँडच्या पायांखाली रबराचे तुकडे ठेवा, पण वाकड्या फरशीची भरपाई त्या तुकड्यांनी करू नका.

आता छप्पर. स्लॅबचा विचार सोडून द्या. दीड फुटांची असली तरी उथळ पायावरची, काळ्या मातीवर उभी मातीची भिंत स्लॅबचे वजन पेलण्यासाठी बांधलेली नसते. स्लॅब हवाच असेल तर कॉलम, नवा पाया आणि बांधकामाची परवानगी असे सगळेच बदलते, आणि तेव्हा हा कोठा पाडून नवे बांधणेच स्वस्त पडेल. साधे टिन सरळ वाशांवर टाकू नका. नागपुरात मेच्या अखेरीस सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो आणि त्याच सुमारास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होतो. बाहेर 45 अंश असताना टिनचा पत्रा 60 अंशांच्या पुढे सहज जातो, आणि त्याच्या खाली आठ तास बसून कोणी शिवू शकत नाही. पावसाळ्यात त्यावरचा आवाज वेगळा. कवेलू उतरवून वासे तपासा, ज्या वाशांना उधई (वाळवी) लागली असेल ते बदला. जुन्या सागाचा आतला गाभा सहसा टिकतो, पण मध्येच डागडुजीत घातलेले आंब्याचे किंवा इतर हलके लाकूड पोखरलेले निघते. मग वाशांवर फळ्या किंवा सिमेंट बोर्ड, त्यावर पाणी अडवणारा थर, त्यावर पट्ट्या ठोकून कवेलू परत चढवले, तर खोली चांगली थंड राहते. आपल्या भागात माकडांचा उपद्रव असेल आणि कवेलू टिकत नसतील, तर दोन पत्र्यांमध्ये पफ (उष्णता अडवणारा फोम) भरलेले 50 मिलिमीटरचे पॅनल टाका; ते साध्या टिनपेक्षा महाग आहे, पण वजनाला हलके असल्यामुळे भिंतीला सोसते. छपराचा एखादा भाग पूर्वी सिमेंटच्या जुन्या पत्र्याने झाकलेला असेल, तर तो कोरडा कापू किंवा फोडू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. तो पाणी मारून, शक्यतो अखंड उतरवा.

उजेडासाठी आपल्या कोठ्याची लांब भिंत उत्तरेला आहे, हे आपले नशीब. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा असतो. नागपुरात जूनच्या सुमारास सूर्य दुपारी किंचित उत्तरेकडून जातो, तेवढ्यापुरता लहान छज्जा पुरतो. मातीच्या भिंतीत एकच मोठी खिडकी फोडण्याऐवजी तीन-चार अरुंद, उंच खिडक्या घ्या, कोपऱ्यांपासून निदान तीन फूट दूर, आणि प्रत्येकीवर दोन्ही बाजूंना नऊ इंच टेकणारा लिंटेल टाका. फोडण्याआधी छपराला आतून टेकू द्या. काचेच्या कवेलूंनी वरूनही उजेड घेता येतो, पण सूर्य डोक्यावर असताना त्यांतून थेट ऊन आत येते, म्हणून ती दोन-चारच आणि येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवा, मशीनवर नकोत.

मांडणी करताना एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मशीनचा दांडा उजवीकडे आणि सुई डावीकडे असते, त्यामुळे उजवीकडून येणारा उजेड दांड्याने अडतो आणि सुईखाली सावली पडते. म्हणून शिवणाऱ्याचे तोंड पूर्वेला करा, म्हणजे उत्तरेची खिडकी डाव्या हाताला येईल. मशीनचे टेबल साधारण चार फूट लांब आणि पावणेदोन फूट रुंद असते. बसायची जागा धरून एका मशीनला चार फूट लागतात, म्हणजे पाच मशीन 20 फुटांत एकामागे एक बसतात आणि दाराजवळ चार फूट मोकळे राहतात. टेबल उत्तरेच्या भिंतीपासून अर्धा फूट सुटे ठेवले, तरी दक्षिणेच्या भिंतीशी तीन फुटांचे कटिंगचे टेबल बसून मधून चार फुटांहून जास्त वाट राहते. कापडाचे ताके आणि रॅकही भिंतीला टेकवू नका. दोन-तीन इंचांची फट ठेवा, खालची फळी जमिनीपासून वर ठेवा.

कृत्रिम दिव्यांसाठी सुईच्या जागी साधारण 750 लक्स उजेड असावा असे धरतात. काळ्या किंवा गडद निळ्या कापडाला त्याहून जास्त लागतो. शर्टाच्या कापडाशी धाग्याची छटा जुळवायची असेल, तर रंग खरे दाखवणारे, म्हणजे सीआरआय 90 च्या वरचे दिवे घ्या. स्वस्त एलईडी आणि जुन्या चोकच्या ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात; डोळ्यांना ते कळत नाही, पण मशीन मिनिटाला 3000 टाक्यांनी चालली की सुई सेकंदाला 50 वेळा वरखाली होते आणि अशा दिव्याखाली फिरणारी पुली थांबल्यासारखी भासू शकते. ती थांबली आहे असे समजून कोणी हात घातला तर काय होईल, ते सांगायला नको. चांगल्या ड्रायव्हरचे दिवे घ्या आणि प्रत्येक मशीनला स्वतंत्र छोटा दिवा द्या.

विजेचा हिशेब आपल्याला वाटतो तितका मोठा नाही. 550 वॉटच्या पाच सर्वो मोटारी, दीड किलोवॉटपर्यंतची वाफेची इस्त्री, कूलर आणि दिवे मिळून साडेचार-पाच किलोवॉट धरा. जुन्या क्लच मोटारी स्वस्त मिळतात, पण त्या शिवत नसतानाही फिरत राहतात आणि खोली तापवतात, म्हणून नागपुरात मी सर्वोच सुचवतो. इस्त्रीला स्वतंत्र सर्किट द्या, संपूर्ण खोलीला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, लावा आणि मेन स्विच दाराजवळ ठेवा, कारण सुती धूळ आणि चिंध्या लवकर पेट घेतात. त्याच दाराशी पावडरचे अग्निशामक असू द्या. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालत राहा, नाहीतर काळी माती सुकून इलेक्ट्रोडपासून सुटते आणि अर्थिंग नावापुरते उरते. घरगुती कनेक्शनवर हे चालवू नका. महावितरणकडे वापराचा प्रकार बदलून घ्या. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि विनाशुल्क होते, तिच्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. बांधकामाची परवानगी महापालिकेकडे मागायची की नागपूर सुधार प्रन्यासकडे, हे आपल्या जागेवर अवलंबून आहे. भिंती फोडण्याआधी विचारून घ्या.

कूलरबद्दल दोन गोष्टी. आपल्याकडची उन्हाळ्यातली हवा कोरडी असते, त्यामुळे कूलर येथे खरोखर काम करतो, आणि थोडा दमटपणा सुती धाग्याला मानवतो. ओलाव्याने कापसाचा तंतू मजबूत होतो. 1877 साली नागपुरात सुरू झालेल्या एम्प्रेस मिलसारख्या गिरण्यांना हवेत ओलावा राखावा लागे, तो याचसाठी. पण कूलरच्या हवेला समोरून बाहेर पडायला वाट हवी, आणि तिचा झोत धाग्याच्या कोनांवर किंवा मशीनवर थेट नको. काम संपण्याच्या अर्धा तास आधी पंप बंद करून नुसता पंखा चालू ठेवा. पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की पाण्याचा पंप बंदच करा. जुलैत पाण्यासकट चाललेला कूलर खोली थंड करत नाही, फक्त मशीन गंजवतो. रात्री मशीनवर प्लास्टिकचे नव्हे, सुती आच्छादन घाला.

राहिला वेळेचा प्रश्न. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, म्हणजे गणवेशाचे काम एप्रिलपासूनच हातात हवे, आणि तोपर्यंत वर सांगितलेले सगळे होणार नाही. माझा क्रम असा राहील: आत्ता प्लास्टर उतरवून भिंत उघडी करणे, जमीन खोदून मुरूम आणि काँक्रीट, मृगाआधी छप्पर आणि बाहेरचा पट्टा, पावसाळाभर भिंतीचे निरीक्षण, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात चुन्याचे प्लास्टर व खिडक्यांची शेवटची सफाई. मे महिन्यात केलेले चुन्याचे प्लास्टर पुरेसे पाणी न मिळाल्याने भेगाळते, त्यामुळे तो मोह टाळा. यंदाचा गणवेशाचा हंगाम सोडायचा नसेल, तर घरातल्या एखाद्या कोरड्या खोलीत दोन मशीन मांडून तो काढा.

म्हणून मशीनही आत्ता दोनच घ्या, आणि त्या नव्या घ्यायच्या की वापरलेल्या, हे आपल्याजवळ चांगला मिस्त्री आहे की नाही यावर ठरवा. वापरलेली घेत असाल तर विकणाऱ्याकडे मशीन उलटी करून टाकीतले तेल पाहा, सुईपट्टी काढायला लावून शटलच्या चोचीवरून नख फिरवा, आणि आपले गणवेशाचे कापड सोबत नेऊन त्यावर लांब शिवण पूर्ण वेगात मारून घ्या. चिंधीवर मारलेल्या चार टाक्यांवरून काहीच कळत नाही. उरलेल्या दोन मशीन आणि ओव्हरलॉक यांचे पैसे भिंतीने एक पावसाळा काढेपर्यंत बाजूला ठेवा, कारण प्लास्टर उतरवल्यावर आत काय निघेल आणि त्यातले किती पैसे भिंतीवर खर्च होतील, हे आज आपला गवंडीही सांगू शकणार नाही.